तिचं चालणं

शब्दाला 'ला' लावून बघायचं. आमच्या घरात नाम ओळखायची परीक्षा एवढीच होती. घर, घराला. दुःख, दुःखाला. चालतो, चालतोला? नाही जमत, म्हणजे ते क्रियापद. अण्णा मिरजेच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवत होते आणि वर्गात उरलेलं व्याकरण घरी जेवणाच्या पानावर संपवत. एकदा माझा भाऊ, वय वर्षं बारा, जिंकल्याच्या थाटात म्हणाला, "आजी जाऊन तीन वर्षं झाली म्हणतो, तसं आजी गेल्याला तीन वर्षं झाली असंही म्हणतो आपण. मग 'गेल्या'ला 'ला' कसं लागलं?" अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "कारण ते आता क्रियापद राहिलेलं नाही," ते म्हणाले. "कृदन्त आहे ते. वाक्य संपवायची नोकरी सोडली की त्याला नामाचे हक्क मिळतात." त्या रात्री ते इतके खुशीत होते की आईनं विचारलं, पगार वाढला की काय.

हे सगळं मला एकेचाळिसाव्या वर्षी आठवलं. निमित्त झालं ते स्काला नावाच्या प्रोग्रामिंग भाषेचं, आणि तिच्या कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला कोड तपासून मशीनला समजेल असा करणाऱ्या प्रोग्रामनं, माझी एक ओळ तोंडावर फेकून दिल्याचं.

२०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊन लागायच्या चार दिवस आधी, मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून मिरजेला आले. तीन आठवड्यांचे कपडे आणले होते, राहिले चौदा महिने. माजघरात आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर माझं ऑफिस थाटलं गेलं. बारा वर्षं जावा ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा लिहिण्यात गेली होती आणि नेमकी त्याच सुमारास माझी बदली डेटा सांभाळणाऱ्या टीममध्ये झाली. तिथं सगळं काम स्पार्क या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या प्रणालीवर, आणि टीमची बोलीभाषा स्काला. मॅनेजर म्हणाला, "जावा येतं ना, मग पंधरा दिवसांत येईल." असं म्हणणाऱ्या माणसाला स्वतःला ती भाषा येत नसते, हे आता कळतं.

स्काला स्वित्झर्लंडची. लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात मार्टिन ओडर्स्की यांनी २००१ मध्ये ती आखायला घेतली आणि २००४ मध्ये ती लोकांपुढे आली. हे ओडर्स्की म्हणजे फिलिप वॉडलर यांच्याबरोबर ज्यांनी जावासाठी जेनेरिक्सचा, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या जातींच्या डेटावर चालवायच्या सोयीचा, पाया घातला ते. म्हणजे बारा वर्षं मी याच माणसाच्या हातचं खात होते आणि नाव माहीत नव्हतं. स्कालात त्यांनी दोन घराण्यांचं लग्न लावलं. एका बाजूला ऑब्जेक्टवाले, जिथं प्रत्येक काम कुणाचं तरी असतं आणि त्या कामाला मेथड म्हणतात. दुसऱ्या बाजूला फंक्शनवाले, ज्यांचं मूळ १९३० च्या दशकातल्या अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कॅलक्युलस या गणिती पद्धतीत आहे आणि जिथं काम हीच वस्तू, तिचं नाव फंक्शन. हॅस्केल या निव्वळ फंक्शनवाल्यांच्या भाषेत गेलात तर सगळीकडे फंक्शनच नांदतं, घोळ नाही. जावात २०१४ पर्यंत सगळीकडे मेथडच होती, त्यामुळे तिथंही घोळ नव्हता. नंतर जावातही लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शनं, आले आणि मी ते वापरायचेही, पण मिक्सर वापरतात तसे. आत काय फिरतं ते कधी बघितलं नव्हतं. स्कालात मात्र फंक्शन आणि मेथड दोघीही एकाच घरात राहतात, दिसायला जुळ्या, आणि नव्या सुनेनं हाक मारली की भलतीच ओ देते.

माझी फेकून दिलेली ओळ अगदी साधी होती. आधी एक मेथड लिहिली होती, दिलेला आकडा दुप्पट करणारी ('डेफ' म्हणजे मेथडची व्याख्या, 'इंट' म्हणजे पूर्णांक):

डेफ दुप्पट(न: इंट): इंट = न * २

आणि खाली ('व्हॅल' म्हणजे एखादी गोष्ट नाव देऊन ठेवणं):

व्हॅल काम = दुप्पट

मला वाटलं, 'दुप्पट' ही गोष्ट 'काम' या नावानं डब्यात ठेवते आहे. कंपायलर म्हणाला, मिसिंग आर्ग्युमेंट लिस्ट. आकडा कुठाय? मी म्हटलं, अरे बाबा, आकडा नंतर देणार आहे, आत्ता नुसतं काम ठेवून घे. ठेवून घेईना. गंमत म्हणजे पाच मिनिटांपूर्वी मी यादीवर मॅप लावून, म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर एकच काम चालव असं सांगून, कंसात नुसतं 'दुप्पट' लिहिलं होतं, तेव्हा त्यानं आकडा मागितला नव्हता. निमूट १, २, ३ चे २, ४, ६ करून दिले होते. तीच मेथड, तोच कंपायलर. तिथं चालते आणि इथं का नाही?

टीममध्ये लातूरचा एक पोरगा होता, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तोही आपल्या गावी, नेटवर्कसाठी गच्चीवर बसलेला. इंग्रजीत बोलताना तो मला नावानं हाक मारायचा आणि मराठीत शिरला की ताई म्हणायचा. मी स्क्रीन दाखवली. "ताई, शेवटी अंडरस्कोर द्या," तो म्हणाला. 'दुप्पट' पुढे जागा सोडून एक आडवी रेघ दिली आणि चाललं. "पण का?" "मेथड व्हॅल्यू नसते ना ताई. रेघ दिली की तिचं फंक्शन होतं. ईटा एक्स्पान्शन म्हणतात." मागून पाण्याची मोटर सुरू झाली आणि पुढचं ऐकू आलं नाही.

ईटा हे ग्रीक अक्षर. लॅम्डा कॅलक्युलसमध्ये अल्फा, बीटा आणि ईटा अशा नियमांची नावं आहेत. त्यातला ईटाचा नियम सांगतो की 'दुप्पट' म्हणा किंवा 'एक क्ष द्या, मी त्याला दुप्पट लावते' म्हणा, गोष्ट एकच. कंपायलर रेघ बघून पहिल्याचं दुसरं करतो, म्हणजे मेथडभोवती एक छोटं फंक्शन गुंडाळून देतो. हे मी वाचलं, वहीत लिहून घेतलं आणि मला काहीही समजलं नाही. मुळात मेथड आणि फंक्शन ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, असं मी बारा वर्षं धरून चालले होते. नव्या पोरांच्या मुलाखती घेताना कुणी फंक्शन म्हटलं की मी "म्हणजे मेथड" असं दुरुस्तही केलेलं होतं. त्यांची आता माफी कुठं मागू.

अण्णा पलीकडे झोपाळ्यावर पेपर वाचत असत. निदान तसं दाखवत असत. माझे कॉल त्यांना पाठ होत होते. "त्या पोराला काय ठेवता येत नाही म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. म्हटलं, अण्णा, करायचं एक काम आहे. ते करता येतं. पण ते काम दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, डब्यात ठेवता येत नाही. त्याच्यामागं एक रेघ मारली की मग देताही येतं आणि ठेवताही येतं.

"'ला' लागतं का त्याला?"

मी हसले, पण ते हसत नव्हते. "पोहते हे काम झालं," ते म्हणाले. "मला पोहते आवडतं, असं म्हणशील? 'आवडतं'च्या अलीकडची जागा नामाची आहे, तिथं क्रियापद बसणार नाही. मग काय करतेस? पोहणं. मला पोहणं आवडतं. पोहण्याला, पोहण्यानं, पोहण्यात. 'णे' लावलास की सगळ्या विभक्त्या दारात उभ्या. संस्कृतात तेच काम ल्युट् हा प्रत्यय करतो, गम् चं गमन. आपला 'णे' म्हणजे त्या 'अन'चाच पणतू. तुझी रेघ म्हणजे 'णे' आहे झालं."

मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग मॅपवाली ओळ उघडली. मॅपच्या कंसातली जागा फंक्शनसाठीच असते, 'मला अमुक आवडतं' मधल्या अमुकसारखी. तिथं मी नुसतं 'दुप्पट' लिहिलं तेव्हा कंपायलरनं जागा बघून आपण होऊन 'णे' लावून घेतला. आणि 'व्हॅल काम =' पुढे कुठलीच जागा ठरलेली नव्हती, काहीही येऊ शकलं असतं, म्हणून त्यानं 'दुप्पट'ला क्रियापद समजून कर्म मागितलं. कसलं दुप्पट? एररच्या दुसऱ्या ओळीत हेच लिहिलेलं होतं, की फंक्शनची अपेक्षा असेल तिथंच मेथडचं फंक्शन केलं जातं. पण एररची दुसरी ओळ कोण वाचतं! (पुढच्या वर्षी, २०२१ च्या मेमध्ये, स्काला ३ आली आणि ही रेघ लिहायची गरजच राहिली नाही. कंपायलर आता न सांगता 'णे' लावतो. माझ्या मते शिकणाऱ्याचं त्यात नुकसान आहे, पण मला कोण विचारतंय.)

त्या आठवड्यात भराभर गोष्टी जागेवर पडल्या. फंक्शन ही स्कालात खरोखरच वस्तू असते. एक कर्म घेणारं असेल तर तिची जात फंक्शन१, दोन घेणारं असेल तर फंक्शन२, आणि अशा जाती बावीसपर्यंत मोजून ठेवलेल्या. तेविसावं कर्म आलं की तेव्हाच्या स्कालात हात वर. मराठीतलं क्रियापद दोन कर्मांवर दमतं, त्यामानानं बावीस म्हणजे ऐश्वर्यच, असं अण्णांचं मत पडलं. मेथड मात्र वस्तू नसते. ती वस्तूच्या अंगात असते. डबा हातात घेता येतो, डब्याचं उघडणं वेगळं काढून फळीवर ठेवता येत नाही. म्हणजे, 'उघडणं' असं म्हटल्याशिवाय येत नाही.

रिटर्नचा घोटाळाही याच कुळातला. एका यादीत हवा तो पत्ता सापडला की थांबायचं होतं, म्हणून यादीवर फिरणाऱ्या छोट्या फंक्शनच्या आत मी रिटर्न, म्हणजे 'उत्तर घेऊन परत फिर', असं लिहिलं. जावाच्या लॅम्डात रिटर्न त्या लॅम्डापुरतं असतं. स्कालात ते बाहेरच्या मेथडमधून बाहेर पडतं. तसं बघितलं तर मला तेच हवं होतं. पण स्काला हे बाहेर पडणं एक अपवाद (काही बिघडलं की फेकतात तो इशारा) फेकून साधते, आणि मी बाहेर 'थ्रोएबल', म्हणजे फेकलेलं काहीही, पकडणारा कॅच लावून ठेवला होता, जुन्या सवयीनं. पत्ता सापडायचा, अपवाद फेकला जायचा, माझा कॅच तो झेलायचा आणि लॉगमध्ये लिहायचा की काहीतरी चुकलं, पत्ता सापडला नाही. दीड दिवस गेला. अण्णांच्या भाषेत, परतणं म्हणजे वाक्य संपवणं आणि कृदन्तानं ती नोकरी सोडलेली असते, म्हणून ते जवळच्या आख्याताकडे, म्हणजे वाक्य संपवणाऱ्या क्रियापदाकडे, धाव घेतं. स्काला ३ नं हा प्रकार आता बाद ठरवायला घेतला आहे. बरं झालं.

पण मेथड आणि फंक्शन यांतला खरा फरक मला कळला तो स्पार्कमध्ये, आणि चांगला महाग पडला.

स्पार्क हा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००९ साली मातेई झहारिया यांनी सुरू केलेला प्रकल्प, स्वतः स्कालातच लिहिलेला. कल्पना अशी की डेटा एका मशीनवर मावत नसेल तर तो पन्नास मशीनवर पसरून ठेवायचा. मग डेटा कामापाशी आणायचा नाही, काम डेटापाशी पाठवायचं. आता काम पाठवायचं तर ते पाठवण्याजोगं असायला हवं, म्हणजे नाम हवं. इथं फंक्शनला पर्याय नाही. फंक्शनचे बाइट करायचे, तारेवरून धाडायचे, पलीकडे पुन्हा फंक्शन उभं करायचं.

आम्ही पत्ते साफ करत होतो. लोकांनी भरलेले पत्ते, म्हणजे 'मु.पो.', 'मु. पो.', 'मूपो', मध्ये तीन स्पेस, शेवटी स्वल्पविराम, गावाच्या नावाची सहा स्पेलिंगं. मी एक क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा, लिहिला, पत्ताशोधक. त्याच्या पोटात डेटाबेसचं कनेक्शन होतं आणि पिनकोडचा एक मोठा कोश होता. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत. त्यांची नावं, आणि प्रत्येक नावाची आम्हाला भेटलेली वेडीवाकडी रूपं, असा सगळा संसार त्या कोशात. त्याच क्लासमध्ये 'स्वच्छ' नावाची मेथड होती. ती बिचारी फक्त जादा स्पेस काढायची. कोशाला हात लावत नव्हती, कनेक्शनकडे बघतही नव्हती. सगळ्या पत्त्यांवर मी मॅप लावला आणि कंसात लिहिलं, स्वच्छ.

टास्क नॉट सिरियलायझेबल, म्हणजे या कामाचे बाइट करता येत नाहीत. स्पार्क शिकणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ भेटते, कांजिण्यांसारखी. खाली कारण दिलं होतं, पत्ताशोधक पाठवता येत नाही. मी म्हटलं, पत्ताशोधक कुणी पाठव म्हटलंय? मी तर नुसतं स्वच्छ करणं पाठवते आहे. पण घाईत होते. क्लासला सिरियलायझेबलचा शिक्का मारला. मग कनेक्शन पाठवता येत नाही म्हणून तक्रार आली. कनेक्शनवर 'ट्रान्झियंट' लिहिलं, म्हणजे हे सामान सोबत नेऊ नका. चाललं. मी लॅपटॉप मिटला आणि आईला वांगी चिरायला मदत केली.

आठवडाभर ते काम रोज रात्री चालत होतं आणि रोज रात्री सुरू व्हायला नको इतका वेळ घेत होतं. लॉगमध्ये एक पिवळी ओळ येत होती, ब्रॉडकास्टिंग लार्ज टास्क बायनरी, आकार ४१ एमआयबी. पिवळीच आहे, लाल नाही, म्हणून मी सोडून देत होते. शेवटी लातूरच्या पोरानं विचारलं, "ताई, स्पेस काढायला एक्केचाळीस एमबी कशाला लागतात?"

रात्री जेवताना मी चिडून तेच बोलले. म्हटलं, मी एवढंसं काम पाठवलं आणि त्यानं अख्खं बिऱ्हाड उचलून नेलं. कोश, त्यातली दीड लाख गावं, सगळं. रोज.

"काम कुणाचं होतं?" अण्णा.

"कुणाचं म्हणजे? त्या क्लासचं. म्हणजे त्याच्या ऑब्जेक्टचं."

"मग षष्ठी आहे की तिथं." त्यांनी चटणीचं बोट पुसलं. "चालते, या शब्दात कोण आहे? 'ती' म्हटलं नाहीस तरी 'ती' आहे. 'ते' या प्रत्ययातच बाई आहे, एकटी आहे. क्रियापद कर्त्याला पोटात घेऊन फिरतं. त्याचं तू नाम केलंस, चालणं. कर्ता सुटला असं वाटलं. पण तू चालणं कुठं म्हणालीस? तू म्हणालीस तिचं चालणं. तिचं म्हटलंस की ती आलीच."

मी भात कालवायची थांबले. माझ्या कोडमध्ये ही 'ती' म्हणजे 'धिस', मेथड ज्याची आहे तो ऑब्जेक्ट. मी जिथं नुसतं 'स्वच्छ' लिहीत होते तिथं कंपायलर 'धिस डॉट स्वच्छ' वाचत होता, आणि 'णे' लावताना त्यानं तयार केलेल्या छोट्या फंक्शनच्या आत तो 'धिस' जपून ठेवला होता. मेथड कर्त्यावाचून नसते. तिचं फंक्शन केलं तरी कर्ता जात नाही, तो षष्ठीत जाऊन बसतो. 'ती'चं 'तिचं' होतं एवढंच. आणि फंक्शन तारेवरून गेलं की 'तिचं' मधली ती, तिच्या कोशासकट, तिच्या सोडून दिलेल्या कनेक्शनच्या रिकाम्या जागेसकट, मागोमाग जाते. बारा वर्षं मी 'धिस' लिहायचा आळस करत आले होते. कुणी न लिहिलेल्या शब्दाचं वजन एक्केचाळीस एमबी असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. 'स्वच्छ' त्या क्लासमधून काढली आणि एका स्वतंत्र ऑब्जेक्टमध्ये ठेवली. स्कालातला हा ऑब्जेक्ट म्हणजे एका प्रोग्रामात एकच, नावानं ओळखला जाणारा. तोही एक मालक आहेच, पण तो पाठवावा लागत नाही, कारण प्रत्येक मशीनवर कोड पोचला की त्याचा तिथला तिथं जन्म होतो. मारुतीला नैवेद्य दाखवायचा तर मूर्ती पाठवत नाहीत. गावोगावी मारुती असतोच. पिवळी ओळ गेली. मग मला चटक लागली. जुना कोड उघडून मी प्रत्येक मॅपच्या कंसात 'कुणाचं?' असं विचारत सुटले. एका ठिकाणी फंक्शन व्हॅलमध्ये ठेवलेलं होतं आणि 'धिस' शोधूनही दिसत नव्हता, पण आत क्लासचा एक फील्ड (त्याच्या पोटातली एक नोंद), नुसता एक उपसर्ग, वापरला होता. तिथंही षष्ठी लपलेली. तो फील्ड बाहेर एका साध्या व्हॅलमध्ये उतरवून घेतला आणि फंक्शनला तेवढाच दाखवला. तिचं चालणं नको, तिचं एक पाऊल पुरे.

यानंतर माझं जे झालं ते धर्म बदललेल्या माणसाचं होतं. डेफ म्हणून काही शिल्लक ठेवायचं नाही असं मी ठरवलं. सगळी कामं व्हॅलमध्ये, सगळी फंक्शनं, एकापुढे एक 'अँडदेन', म्हणजे 'आणि मग', लावून जोडलेली. स्वच्छ अँडदेन तोड अँडदेन जुळव अँडदेन नोंद. मला ते फार देखणं दिसायचं. रिव्ह्यूला पाठवलं तर पोराचं उत्तर आलं, "ताई, हे शासन निर्णयासारखं वाटतंय."

आधी राग आला. मग तो कोड पुन्हा वाचला आणि मला तालुक्याच्या कचेरीतला कागद दिसायला लागला. सदर प्रकरणी पाहणी करण्यात येऊन तपासणीअंती अहवाल सादर करण्यात यावा. यात एकही सरळ क्रियापद नाही. बघ, तपास आणि सांग, एवढंच म्हणायचं असतं. प्रत्येक क्रियापदाला 'णी' नाहीतर 'करणे' लावून त्याचं नाम केलं की वाक्यातून माणूस नाहीसा होतो, आणि मग चूक कुणाची ते कळत नाही. कोडमध्ये अगदी तसंच झालं होतं. चूक झाली की एररच्या यादीत 'तोड' किंवा 'जुळव' अशी नावं दिसायच्या ऐवजी नुसतं 'अॅनॉनफन' आणि पुढे आकडे. निनावी फंक्शन, क्रमांक अमुक. कोणत्या कर्माचं नाव काय ते फंक्शनला आठवत नाही, न दिलेल्या कर्माला ठरलेली किंमत घालता येत नाही. कुठल्याही जातीच्या यादीवर चालेल असं सर्वसाधारण काम डेफला लिहिता येतं, तेव्हाच्या स्कालात ते व्हॅलमधल्या फंक्शनला येत नव्हतं. पोरानं खाली अजून एक ओळ लिहिली होती. "डेफच ठेवा. पाठवायच्या वेळी होईल ना फंक्शन." म्हणजे बोलताना क्रियापद बोला, लागेल तिथं 'णे' लावा. हे आपण सगळे दिवसभर करतोच, न शिकता.

डेफ परत आले. मला वाटलं, संपलं आता. जुलै लागला होता, बाहेर पाऊस होता, गल्लीतल्या सतारवाल्यांच्या दुकानातून पुन्हा अधूनमधून तार जुळवल्याचा आवाज यायला लागला होता.

अण्णांचं मात्र संपलं नव्हतं. एका रात्री ताटावर बसता बसता त्यांनी विचारलं, "तुझं ते नाम. पाठवलं, पोचलं. पण पुढं काय? नाम स्वतः काही करत नाही. पोहणं पोहत नाही."

"त्याला कंस लावायचा, कंसात आकडा द्यायचा. मग ते काम होतं."

"कंसानं कसं होईल? कुणीतरी करायला हवं."

बरोबर होतं ते. कंस ही नुसती सोय आहे. फंक्शन ही वस्तू, आणि त्या वस्तूच्या अंगात एक मेथड असते, अप्लाय नावाची. 'काम(५)' असं लिहिलं की कंपायलर 'काम डॉट अप्लाय(५)' असं वाचतो. मी ते सांगितलं.

"अप्लाय म्हणजे?"

"लागू करणे."

"'लागू' सोड. नुसतं करणे म्हण. गमन हे नाम, त्याला परत कामाला लावायचं तर गमन करणे. स्वयंपाक हे नाम, स्वयंपाक करणे. फोन हे तर इंग्रजी नाम, आपण फोन करतो. मराठीत कुठल्याही नामाला 'कर' लावलं की ते पुन्हा क्रियापद. तुझ्या लोकांनी आपलाच 'कर' घेतलाय." ते समाधानानं भाजीकडे वळले.

मी म्हटलं, "अण्णा, पण अप्लाय ही मेथड आहे. म्हणजे क्रियापद. तिलाही रेघ लावता येते. मी मघाशी करून बघितलं. काम डॉट अप्लाय, पुढे रेघ. त्याचं नवीन फंक्शन झालं. आणि त्या नव्या फंक्शनच्या अंगात परत त्याचं स्वतःचं अप्लाय आहे."

"म्हणजे चालणं करणं?"

"हो. आणि मग चालणं करणं करणं."

"कुठवर?"

"हवं तितक्या वेळा. कंपायलर नाही म्हणत नाही."

अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला.